संघात ये, घरात नाई

सूरजागडच्या खाणीवरून चैतूचा फोन आला तेव्हा रामाजी दाढी करत होते, आणि त्यांची दाढी अर्धीच राहिली.

"काका, सुट्टी नाई देऊन राह्यले. मंडईले येनं होत नाई," एवढंच चैतू बोलला. रामाजींनी फोन ओट्यावर ठेवला, म्हणजे आपटलाच. एका गालावर साबण घेऊन ते छपरीत येऊन बसले. मंडई, म्हणजे दिवाळीनंतरची गावजत्रा, आठवड्यावर आलेली. गावात दुकानं लागणार, लेकीबाळी माहेरी येणार, रात्री नाटक होणार, आणि दिवसा कबड्डी. मोहबोडीच्या वाघोबा क्रीडा मंडळाने ढाल जिंकून सात वर्षं लोटली होती. चढाईला जाणारा धड एकच गडी होता, तो आता खाणीत लोखंड मोजत बसणार होता.

तासाभरात छपरीत बैठक बसली. रामाजी मंडळाचे अध्यक्ष, त्यांचा धाकटा भाऊ मुखरू मॅनेजर, मुलगा प्रणित कप्तान. मंडळ गावाचं, पण पदं सगळी घरातच. गावाला त्याचं काही वाटत नसे, कारण हरल्यावर शिव्या द्यायला एकच घर गाठलं की काम भागायचं. गुणाबाई आतल्या दारापाशी लाखोळीची डाळ निवडत बसली होती. नवी सून साधना चहा घेऊन आली आणि तिथेच टेकली.

"एक मानूस हाय," मुखरू म्हणाला, "पन नाव घेतलं तं भाऊ मले मारते."

"मंग घेऊ नको," रामाजी म्हणाले.

"नाई घेत."

थोडा वेळ कुणीच नाव घेतलं नाही. पण सगळ्यांच्या नजरा हळूच गुणाबाईकडे वळल्या, आणि गुणाबाईचा हात डाळीत थांबला. तो माणूस तिचा भाऊ होता. बिरजू. पाच बहिणींच्या पाठीवर झालेला एकुलता एक भाऊ, कोरपन्यापासून अहेरीपर्यंत ज्याच्या उजव्या पायाला पोरं टरकत.

"बाबा, बिरजूमामा बेचाळीस-त्रेचाळीसचे झाले," प्रणित म्हणाला. "अन् त्यायचे लफडे काय कमी हायत? सामना हरला तं ढाल काखेत मारून मोहाच्या झाडावर चढून बसले होते. सरपंचानं हात जोडले तवा उतरले."

"पंचाची शिट्टी घरी घेऊन गेला होता, थे सांग," मुखरूने भर घातली. "अन् अंगाले टोरीचं तेल लावून उतरे. पकडाले जा, तं मानूस साबनावानी हातातून सुटे."

"तुमी त्याच्या बाजूनं बोलून राह्यले का विरोधात?" प्रणितने विचारलं.

"मी मॅनेजर हाय. दोन्ही बाजूनं बोलनं माहं काम हाय."

साधनाला हसू आवरेना. ती गडचिरोलीची, शाळेत शिकवणारी. या घरात तिची ही पहिलीच दिवाळी. "पण खेळ कसा आहे अजून?" तिने विचारलं.

"गेल्या महिन्यात एका गावी एकट्यानं अर्धा संघ बाद केला," मुखरू म्हणाला, आणि लगेच भावाकडे पाहून, "असं लोक म्हनते. आपन काही पाहाले गेलो नोतो."

तो पाहायला गेला होता. गुणाबाईला माहीत होतं, कारण जाताना त्याच्याजवळ तिनेच भावासाठी चकल्या दिल्या होत्या.

रामाजी सरसावून बसले. साबण गालावर वाळून गेला होता. "ढाल चोरली, शिट्टी चोरली, तेल लावलं, सारं पोटात घातलं मी," ते म्हणाले. "पन सहा वर्षांमागं कोसमडोहच्या सामन्यात त्यानं काय केलं? आपल्याकडून खेळत होता. शेवटची चढाई. समोर एकच पोट्टा उभा. नुसतं अंगठ्याचं टोक लागलं असतं तं ढाल आपली होती. अन् हा पठ्ठ्या पाय उचलते, खाली ठेवते, उचलते, खाली ठेवते, अन् हात हालवत वापस येते! इकलं त्यानं आपल्याले. बेइमान सायचा."

"थो पोट्टा बुधू होता," गुणाबाई डाळीकडे पाहतच बोलली. "आमच्या बायनाबाईचा. त्याचा सख्खा भाचा. मामानं भाच्याले पाय लावाचा?"

"मैदानात भाचा नसते! मैदानात फकस्त खेळाडू असते!"

"हो का? मंग तुमच्या बहिनीचा पोरगा आला का तुमी काऊन वाकता त्याच्या पायावर? गुडघ्यानं कण्हता, भितीले धरून उठता, पन वाकता. शंभर बामनं जेवले अन् एक भाचा जेवला सारखंच, हे मले या घरात कोनं शिकवलं?"

रामाजींनी गालावर हात फिरवला, तर साबणाची खपली निघाली. आमच्या भागात हे असंच आहे. मामा कितीही मोठा असो, भाचा पाळण्यात असला तरी मामाच त्याच्या पाया पडतो, आणि चुकून पाय लागला तर पाप लागतं. रामाजींना हे पटत नव्हतं असं नाही. पण ढालही हवी होती, आणि माणसाला दोन्ही गोष्टी हव्या असल्या की तो दुसऱ्याला बेइमान म्हणतो.

"आपल्या घरची गोष्ट येगळी," ते पुटपुटले.

"मला एक सांगा," साधना म्हणाली, "हे बिरजूमामा कुणाचं तरी ऐकतात का?"

"कोनाच्या बापाचं नाई," मुखरू म्हणाला. "भाचा सोडून. भाच्यानं म्हनलं विहिरीत उडी मार, तं मारंल."

"मग कप्तान भाचाच तर आहे."

सगळ्यांनी प्रणितकडे असं पाहिलं की जणू तो आत्ताच दारातून आत आला. प्रणितने उगाच कॉलर नीट केली. आतापर्यंत विरोधात असलेला तो पोरगा, घोट-दोन घोट चहात फिरला.

"तसं पाह्यलं तं," तो म्हणाला, "अनुभवी मानूस लागतेच संघाले."

"मी कवापासून तेच म्हनून राह्यलो," मुखरू म्हणाला.

आता रामाजी एकटे पडले. गुणाबाईला हे दिसत होतं, आणि एकटा पडलेला नवरा किती अडून बसतो हेही तिला चांगलं ठाऊक होतं. गप्प राहावं, असं तिने ठरवलं होतं. पण परवाच भाऊबीज झाली होती, आणि ते काही केल्या मनातून जात नव्हतं.

"तुमी त्याले या उंबऱ्याच्या आत पाय ठेवू देनार नाई म्हनाले," ती म्हणाली, "तवापासून मी भाऊबीजेले चंद्राले ओवाळून राह्यली. ज्या बाईले भाऊ नाई थे चंद्राले ओवाळते. माहा भाऊ दोन नाल्यांपलीकडं जिता हाय. चंद्रालेई आता लाज वाटत असंल माह्याकडं पाहाची."

एवढं बोलून तिने ताट उचललं आणि ती आत गेली. चुलीपाशी उभी राहून तिने डोळे पुसले, आणि कान बाहेरच ठेवले.

मग रामाजींचा आवाज आला.

"फोन लाव त्याले. पन सांग, तेल लावलं तं मी स्वतः पंचाले सांगीन. अन् दुसरी गोष्ट. संघात ये, घरात नाई."

"म्हंजे राह्यचं कुठी त्यानं?" मुखरूने विचारलं.

"तुह्या घरी. भिंतीले भिंत तं हाय."

"अन् जिंकलो तं?" आतून गुणाबाईने विचारलं.

"जिंकलो तं पाहू," रामाजी म्हणाले आणि उरलेली दाढी करायला गेले.

*

बिरजू दुसऱ्या दिवशी फटफटीवर आला. पोट थोडं सुटलेलं, कानावर केस पिकलेले, पण चाल तीच, जमीन आपल्या बापाची असल्यासारखी. अंगणात संघातली सगळी पोरं जमली होती. कप्तान म्हणून प्रणितने तोंड गंभीर केलं आणि शिस्तीवर दोन शब्द बोलायला घसा खाकरला, तेवढ्यात बिरजूने सरळ वाकून त्याच्या पायावर डोकं ठेवलं.

"मामा, उठा ना, पोट्टे पाहून राह्यले!"

"पाहू दे. भाच्याच्या पाया पडाले लाज कायची?"

पोरं हसून लोळली. पुढचे दिवस हेच चाललं. सरावाला यायचं तर आधी पाया, उशीर झाला तर पाया, विडी ओढायला जायचं तर पाया पडून विचारायचं. "अख्ख्या मुलखात असा कप्तान नसंल," मुखरू साऱ्या गावाला सांगत सुटला, "खेळाडू पाया पडून सुट्टी मागते, अन् तरी थो देत नाई!" पण साधनाचं म्हणणं खरं ठरलं. प्रणित म्हणाला धावा, की बिरजू धावे. प्रणित म्हणाला पंचाशी बोलायचं नाही, की तो ओठ आवळून बसे, मग भले डोळे बाहेर आले तरी चालतील.

गुणाबाईचं मात्र त्या उंबऱ्याने डोकं उठवलं होतं. भाऊ अंगणात जेवायचा, ती आतून ताट सरकवायची. पलीकडे भाऊ, अलीकडे बहीण, मध्ये ते लाकूड. बिरजूचा उजवा गुडघा संध्याकाळी सुजायचा. तो उंबऱ्याबाहेर पाय पसरून बसे, आणि ही आत बसून हात लांब करून टोरीचं तेल चोळून देई. मोहाच्या बियांचं ते तेल, वास नाकात जाणारं, पण दुखऱ्या सांध्याला त्याच्यासारखं औषध नाही.

एकदा नेमके तेव्हाच रामाजी आले. ते वाकून उंबऱ्याकडे पाहू लागले.

"पाय बाहेरच हाय भाऊजी," बिरजू म्हणाला. "टाच पहा. बोटभर जागा सुटली हाय."

"आनि थे तेल?"

"थे औषध हाय," गुणाबाई म्हणाली. "खेळात लावाचं येगळं, दुखण्याले लावाचं येगळं. तुमाले दुखलं का मी काय दूध चोळते?"

रामाजी हुं म्हणून निघून गेले.

*

मंडईच्या दिवशी अंतिम सामना व्हायचा होता तो पुन्हा कोसमडोहशीच. दुपार कलल्यावर त्यांची गाडी आली. गुणाबाई साधनाला घेऊन बायांच्या बाजूला दोरीला टेकून बसली होती. गाडीतून पहिला उतरला तो बुधू. ते अपेक्षितच होतं. पण त्याच्या मागून उतरला तो ओळखीचाच एक चेहरा, आणि त्याच्या मागून आणखी एक, आणि गुणाबाई उठूनच उभी राहिली.

"अवं माय! हा तं आमच्या धाकटीचा. अन् थो मधलीचा!"

"म्हणजे?" साधनाने विचारलं.

"म्हंजे साऱ्या बहिनींचे पोट्टे गोळा करून आनले वं यायनं! तीन भाचे एका संघात!"

गाडीतून सगळ्यात शेवटी उतरल्या बायनाबाई, गुणाबाईची मोठी बहीण, हातात चिवड्याची पुडी. त्या सरळ येऊन गुणाबाईच्या शेजारी बसल्या.

"बाई, हे कोनाच्या डोक्यातलं?"

"माह्या," बायनाबाई म्हणाल्या. "घे चिवडा. तुहा पोट्टा जिंकावा, अन् माहा जिंकू नये का?"

"पन आपला भाऊ खेळून राह्यला ना तिकडून!"

"म्हनून तं आनले. भाऊ चांगला खेळते."

गुणाबाईने मूठभर चिवडा घेतला आणि रागाने चावायला लागली.

सामना सुरू झाला. बिरजूने पहिल्या चढाईलाच पाय असा फेकला की कोसमडोहचा एक गडी काय झालं ते न कळता बाहेर बसला. म्हाताऱ्या पायात अजून करामत होती. जो भाचा नाही त्याची धडगत नव्हती. पण तीन भाचे होते ते हुशार होते. बिरजू आला की तेच पुढे व्हायचे, बाकीचे त्यांच्या मागे लपायचे, आणि बिरजूचा पाय हवेतच अडकायचा. "मामा, मार ना पाय!" असं बुधू दात काढून म्हणायचा. लोकं शिट्ट्या वाजवत होती. एकदा पंचाने साफ उलटा निकाल दिला तेव्हा बिरजू तापून पुढे झाला, पण प्रणितने नुसतं "मामा" म्हटलं आणि तो मागे फिरला. रामाजींनी ते पाहिलं, आणि ते पाहिलेलं गुणाबाईनेही पाहिलं.

खेळ चढत, उतरत राहिला. शेवटी एक चढाई उरली. मोहबोडी एका गुणाने मागे. कोसमडोहचे तीन गडी मैदानात. कोण? तर तिन्ही भाचेच. बाकीच्यांना बिरजूने आधीच बाहेर बसवलं होतं.

प्रणितने मामाकडे पाहिलं. दुसरं कुणी पाठवण्यासारखं नव्हतंच. बिरजूने मातीला हात लावून कपाळाला लावला आणि "कबड्डी, कबड्डी" म्हणत तो निघाला.

"पाय मार बे!" मोहबोडीवाले ओरडत होते.

"भाचे हाय, भाचे!" कोसमडोहवाले ओरडत होते.

बिरजूचा पाय उचलला गेला. खाली आला. पुन्हा उचलला, पुन्हा खाली. अगदी तसंच. तिने रामाजींकडे पाहिलं, तर त्यांनी तोंड फिरवलं होतं. आता हा रिकामा परत येणार. पुन्हा बेइमान ठरणार. आणि आपण मरेपर्यंत चंद्राला ओवाळत बसणार. तिच्या डोळ्यांसमोर अंगणातलं ते रोजचं चित्र आलं, प्रणितच्या पायावर वाकलेला भाऊ, आणि तिच्या तोंडून किंकाळीच फुटली.

"बिरज्या! पाय नको लावू! पाया पड रे, पाया पड!"

मैदानात बिरजू क्षणभर थबकला. मग "कबड्डी, कबड्डी" म्हणत तो बुधूपुढे गेला आणि वाकून दोन्ही हात त्याच्या पायावर ठेवले.

बुधूला लहानपणापासून एकच शिकवलं होतं. मामा वाकला की हलायचं नाही, पाय ओढायचा नाही, मामाचा नमस्कार अपुरा राहू द्यायचा नाही. तो काठीसारखा ताठ उभा राहिला, आणि सवयीने हात वर करून म्हणाला, "सुखी राहा, मामा." तोवर बिरजू धाकटीच्या पोरापुढे पोचला होता. तोही उभा. त्याने तर डोळेही मिटून घेतले. तिसऱ्याच्या मात्र डोक्यात उजेड पडला. त्याने झेप घेऊन मामाचा उजवा गुडघा पकडला, आणि त्याचा हात सुर्रकन घसरला. बिरजू रांगत, सरपटत, तोंडाने मंत्र चालूच ठेवून मधल्या रेषेवर जाऊन आडवा पडला.

पंच तोंडात शिट्टी धरून उभा राहिला. वाजवेना.

"हे चालत नाई!" बुधू ओरडला. "मामा पाया पडून राह्यले होते, खेळत नोते!"

"दम सुरू होता का?" पंचाने विचारलं.

"होता."

"हात लागला का?"

"लागला, पन..."

"मंग तिन्ही बाद. लोण," पंच म्हणाला आणि त्याने एकदाची शिट्टी वाजवली. वाजवून झाल्याबरोबर ती खिशात घातली, कारण बिरजू त्याच्या ओळखीचा होता.

डफडे वाजायला लागले. मुखरू मैदानात लोळत होता. "मीच म्हनलं होतं, मीच!" असं तो ज्याला-त्याला सांगत होता. गुणाबाईने घाबरतच बहिणीकडे पाहिलं. बायनाबाई पुडीतला उरलासुरला चिवडा तळहातावर झाडत होत्या.

"बाई, राग आला का?"

"कायचा राग वं? माह्या भावानं वाकावं अन् माह्या पोट्ट्यानं पाय ओढावा? ओढला असता तं मीच त्याचं थोबाड फोडलं असतं." थोडं थांबून त्या म्हणाल्या, "पन तुह्या डोक्यात हे आधी काऊन नाई आलं? सहा वर्षं लागली तुले?"

*

मिरवणूक घरापाशी आली तेव्हा दिवेलागण झाली होती. पोरं ढाल घेऊन आत घुसली. बिरजू सवयीने अंगणातच थांबला आणि आपल्या नेहमीच्या जागी, उंबऱ्याबाहेर, पाय पसरून बसला. आत गुणाबाई उभी होती. कुणाला काही म्हणायची तिची हिंमत होईना.

रामाजी आतून आले आणि उंबऱ्यावरच बसले, अर्धे आत, अर्धे बाहेर.

"एक सांग," ते म्हणाले. "तवा काऊन नाई पडला पाया? एकच तं पोट्टा होता समोर."

बिरजूने गुडघा दाबला. "तवा मले वाटे भाऊजी, का माह्या पायातच सारं हाय. वाकूनई जिंकता येते, हे डोस्क्यातच नाई आलं. तुमी बेइमान म्हनलं तवा मी लय चिडलो. पन मले सांगताच येत नोतं का झालं काय."

"मी म्हनलं खरं," रामाजी म्हणाले. माफी मागायची त्यांना सवय नव्हती. त्यांनी घसा खाकरला. "लय बोललो मी त्या दिवशी. चुकलंच माहं."

गुणाबाईने पदर तोंडाला लावला.

"आता रडून काय राह्यली?" रामाजी तिच्यावर खेकसले. "पाट मांड. भाऊबीज अजून गेली नाई कुठी."

बिरजू उठला. उंबऱ्यापाशी येऊन त्याने पाय उचलला, आणि रामाजींनी हात आडवा धरला.

"आधी त्या गुडघ्याचं तेल पूस," रामाजी म्हणाले.

"भाऊजी, थे औषध..."

"माहीत हाय. आज सामन्यात दोरीपर्यंत वास येत होता. पंचाले मी काही बोललो नाई. पन पाटाले डाग पडंल."

बिरजूने धोतराच्या सोग्याने गुडघा पुसला आणि आत पाय ठेवला. साधनाने पाट मांडला, प्रणितने ताटातला दिवा लावला. गुणाबाईने नीट तीनदा ओवाळलं. दारातून चंद्र दिसत होता. तिने त्याच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही.